पचनसंस्थेचा धडा आणि विटाळ

पचनसंस्थेचा धडा शाळांतून बहुधा आकृतीपुरता शिकवला जातो. आकृती नेटकी निघाली, भागांना नावे बरोबर दिली, की धडा संपतो. आमच्या मते त्याचे खरे काम तेथून पुढे सुरू होते.

कोकणातील ताटच पाहू. भाताचा घास चावताना लाळेतील विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते. कुळथाच्या पिठीतील वा सुकटीतील प्रथिने जठरात आम्ल व पेप्सीन यांमुळे फुटू लागतात. पुढे सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात पित्तरस, स्वादुरस व आंत्ररस यांच्या साहाय्याने पचन पूर्ण होते आणि ग्लुकोज, अमिनो आम्ले रक्तात शोषली जातात. अन्न कोणत्या जातीच्या हाताने शिजवले, याची खूण या मार्गात कोठेही आढळत नाही.

विटाळाचा दावा मात्र शरीराविषयीच आहे : स्पर्शाने अन्नपाणी बिघडते आणि ते घेणारा बाटतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर व सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर पंचगव्याने तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात शाळकरी मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे माध्यान्ह भोजन नाकारले. तीही मुले विज्ञान शिकतच होती.

विज्ञानाच्या तासाला समाजकारण नको, असे काहींचे म्हणणे असते. परंतु दावा शरीराविषयीचा असेल, तर उत्तरही त्याच तासाला द्यावयास हवे. तथागतांनी तेच केले. वासेट्ठ सुत्तात ते सांगतात की, गवत, कीटक, पक्षी यांच्या जाती शरीराच्या खुणांवरून ओळखता येतात. माणसांत मात्र केस, डोळे, पोट, पाठ यांपैकी कशातही तशी जन्मजात खूण नाही.

म्हणून आमची सूचना अशी : पातळ पेजेत मुलांनी आपापली लाळ मिसळावी, नळ्या कोमट पाण्यात ठेवाव्यात आणि काही वेळाने आयोडीन टाकावे. पिष्ट पचले असेल, तर निळाकाळा रंग येत नाही. कोणाच्या नळीत वेळ थोडा मागेपुढे होईल. तो फरक जातीप्रमाणे लावता येणार नाही.

निवासी शाळेतील मुले रोज एका पंगतीत जेवतात. समतेची ही सवय मोलाची आहेच. पण उद्या वेगळी पंगत मांडणारे भेटतील, तेव्हा सवयीबरोबर तिचे कारणही त्यांना सांगता आले पाहिजे.