पत्रे उतरवा, पण फोडू नका

राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छप्पर कोसळले, सात मुले दगावली आणि देशभरातल्या शाळांच्या इमारती तपासण्याचे आदेश निघाले. आपल्याकडेही ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचे छत पडून तीन विद्यार्थी गेले, तेव्हा धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या झाल्या, निर्लेखनाचे प्रस्ताव हलले. मुलांच्या डोक्यावर मोडकळीला आलेले छप्पर ठेवू नये, याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. पण या सगळ्या तपासणीत खोली टिकेल की पडेल एवढेच बघितले जाते. छपरावरचा पत्रा कशाचा आहे आणि तो उतरवताना हवेत काय मिसळेल, हे कोणी विचारत नाही. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात शाळांचे जुने वर्ग, चर्चचे हॉल, समाजमंदिरे, यंत्रमागाच्या शेड यांवर वर्षानुवर्षे जे करडे, नालीदार सिमेंटचे पत्रे बसवले गेले, त्यांच्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते पत्रे जायला हवेत. मात्र आज ज्या पद्धतीने आपण ते काढतो, ती पद्धत पत्र्यापेक्षा घातक आहे, आणि आधी ती बदलली पाहिजे.

पत्रा धड असताना त्यातले तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. साधारण नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू, असे त्याचे स्वरूप. म्हणूनच पत्रे बनवणारा उद्योग त्याला निर्धोक म्हणतो. यात अर्धे खरे आहे. न फुटलेल्या, न घासलेल्या पत्र्याखाली बसल्याने कोणी उद्या आजारी पडत नाही. पण पत्रा ऊन-पावसात झिजतो, त्याला भोके पाडली जातात, त्यावर चढणाऱ्याच्या पायाखाली तो तडकतो, आणि मग डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ते फुप्फुसात गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग आणि फुप्फुस घट्ट होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हे त्याचे परिणाम. ‘आपल्याकडे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस वापरतात, ते सौम्य’ हा युक्तिवाद जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला नाही. तिच्या मते सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. मुंबईतल्या अ‍ॅस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका कारखान्यातल्या १८१ कामगारांच्या तपासणीत ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला होता. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आपल्या लोकांना काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग शाळेचा प्रश्न वेगळा का? कारण वय. मेसोथेलिओमा व्हायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. साठीत संपर्क आलेल्याला तो गाठण्याआधी दुसरे काही गाठते. पाच वर्षांच्या मुलापुढे मात्र सारे आयुष्य पडलेले असते. ब्रिटनच्या कर्करोगविषयक तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये हिशेब मांडला, की सारख्याच मात्रेचा संपर्क पाचव्या वर्षी आला तर आयुष्यभराचा धोका पंचविसाव्या वर्षी आलेल्या संपर्काच्या सुमारे साडेतीन पट आणि तिसाव्या वर्षीच्या पाच पट असतो. आज पहिलीत असलेल्या मुलाला काय झाले ते आपल्याला २०६० च्या सुमारास कळेल, आणि तेव्हा त्याचा संबंध शाळेच्या पत्र्याशी कोणी जोडणार नाही. आज कोणी मरताना दिसत नाही म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष इथे अजिबात काढता येत नाही.

एवढे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, की सुटीत सगळे पत्रे खाली घ्या. अमेरिकेने नेमके हेच करून पाहिले. १९८० च्या दशकात तिथल्या शाळांतून घाईघाईने अ‍ॅस्बेस्टॉस ओरबाडून काढले गेले, आणि चुकीच्या पद्धतीने काढल्याने हवेतले तंतू आधीपेक्षा वाढू शकतात, हे तिथल्या पर्यावरण खात्याला १९९० मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. १९८६ च्या तिथल्या शालेय कायद्याचा रोखही सरसकट काढण्यावर नाही, व्यवस्थापनावर आहे. शाळेत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे त्याची नोंद, दर सहा महिन्यांनी पाहणी, दर तीन वर्षांनी प्रशिक्षित माणसाकडून फेरतपासणी, आणि हा आराखडा पालकांना कधीही बघता येईल असा शाळेत ठेवलेला. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. धड आहे ते हलवू नका, बिघडले आहे ते नियमाने काढा, आणि दोन्हींची नोंद ठेवा, हे त्याचे सार.

आपल्याकडे काय होते? जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली निर्लेखित झाली की अभियंता मूल्यांकन करतो आणि लाकूड, लोखंड, पत्रे यांचा लिलाव होतो. बोली लावणाऱ्याला माल लवकर हलवायचा असतो. हूक गंजलेले असतात, म्हणून ते सोडवण्याऐवजी घणाने पत्रा फोडून मोकळा केला जातो. मजुराच्या तोंडावर फार तर उपरणे. साबूत पत्रे गोठ्यावर किंवा न्हाणीघरावर जातात आणि तिथे पुन्हा भोके पाडून बसवले जातात; तुकडे रस्त्याच्या भरावात किंवा मैदानाच्या कडेला. वळवाच्या वादळात उडून फुटलेल्या पत्र्यांचे तर कोणीच काही करत नाही. म्हणजे वर्गाच्या छपरावर एका जागी बांधलेला धोका आपण सरकारी कागदपत्रांनिशी गावभर वाटतो. ज्या मजुराने तो पत्रा फोडला त्याची नोंद कुठेच राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपायला सांगितल्या, पण त्या कारखान्यांच्या. रोजावर आलेला बिगारी त्यात कुठे बसतो?

चर्चच्या बाबतीत जबाबदारी आणखी धूसर आहे. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून उपासनेची जागा आणि शाळा यांचा शेजार आहे. चर्चच्या हॉलमध्ये रविवारी मुलांचे वर्ग भरतात, बाकीचे दिवस बालवाडी किंवा लग्नकार्य. जागा एका ट्रस्टच्या नावावर, शाळा दुसऱ्या संस्थेची, देखभाल चर्चच्या सभासदांच्या कमिटीकडे, आणि पैसा वर्गणीचा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदवहीत इमारत असते, तिच्या छपराची जात नसते. अशा ठिकाणी श्रद्धेपोटी श्रमदानाने पत्रे बदलले जातात, आणि तरुण संघातली मुले वर चढतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्यांना आधी सांगायला हवे, की हे काम श्रमदानाचे नाही. देवळाच्या सभामंडपाला आणि मदरशाच्या ओसरीलाही हेच लागू आहे.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला उन्हाचा. सोलापुरात पारा ४३ च्या पुढे जातो. लोखंडी पत्र्यापेक्षा सिमेंटचा पत्रा कमी तापतो, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. तो काढून नुसता लोखंडी पत्रा ठोकला तर मुले वर्गात बसू शकणार नाहीत. त्यामुळे बदली छपराचा खर्च धरताना उष्णतारोधक थर किंवा बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू-सिमेंट पत्रा धरलाच पाहिजे. तो निधी नसेल तर धड पत्रा रंगवून, न हलवता, नोंद करून जागेवर ठेवणे अधिक शहाणपणाचे. दुसरा आक्षेप पैशाचा आणि पाण्याचा. पत्रा ओला करून, बोल्ट कापून, न फोडता उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, कामगाराला कापडी नव्हे तर योग्य गाळणीचा मास्क द्यायचा. ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी आले तरी लोक समाधान मानतात, तिथे छपरावर फवारायला पाणी मागणे चैनीचे वाटेल. पण एका वर्गाच्या छपराला लागणारे पाणी टँकरच्या एका फेरीत भागते. खर्च उतरवण्याचा फार नाही. खरी अडचण त्यानंतरची आहे.

कारण पत्रा नेऊन टाकायचा कुठे, याला सोलापुरात उत्तर नाही. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे, पण कारखान्यातल्या उत्पादनाच्या संदर्भात. शाळेच्या छपरावरून उतरलेल्या पत्र्याला ते लागू आहे की तो साधा पाडकामाचा राडारोडा, हे मुख्याध्यापकाने ठरवायचे का? घातक कचऱ्याची पुण्याच्या बाजूची शास्त्रीय भरावभूमी रांजणगावला, इथून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. एकट्या शाळेला ते पेलणारे नाही. भारतीय मानक ब्युरोने अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा कसा हाताळावा, याचे मानक १९८६ मध्येच केले. चाळीस वर्षे झाली तरी ते निविदेच्या अटीत उतरलेले नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसवर केंद्राची देशव्यापी बंदी यायला वेळ लागेल. आपल्याकडचे खाणकाम थांबले, तरी रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून माल येतोच. त्यातल्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्येच स्वतःच्या देशात त्यावर बंदी घातली. पण केंद्राच्या बंदीची वाट न बघता सोलापूर जिल्हा परिषद आणि महापालिका तीन गोष्टी स्वतःच्या अधिकारात करू शकतात. इमारत तपासणीच्या तक्त्यात छपराच्या साहित्याचा रकाना घालावा, आणि उलट सिद्ध होत नाही तोवर प्रत्येक जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा धरावा, कारण डोळ्यांनी फरक कळत नाही. निर्लेखनाच्या लिलावातून हे पत्रे वगळावेत. आणि शाळा, चर्च, देवस्थाने यांचे उतरवलेले पत्रे एका ठिकाणी बंदिस्त ठेवून वर्षातून एकदा एकत्र रांजणगावला पाठवावेत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली. शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनी आणि चर्च कमिटीच्या सभासदांनी येत्या मे महिन्यात छपराला हात लावण्याआधी ठेकेदाराला एकच विचारावे: पत्रा फोडणार की सोडवणार, आणि उतरवून कुठे नेणार? याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत काम सुरू होऊ देऊ नये.