बॉनेटखालची पांढरी भुकटी

पावसाळा संपला की गाडी बाहेरून चकाचक केली जाते. बॉनेट मात्र क्वचितच उघडले जाते. उघडलेच, तर अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी धरलेली दिसते. हा अ‍ॅल्युमिनियमचा गंज. मुंबई, चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेमुळे तो लवकर चढतो.

सफाई इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स व एअर फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावे. सौम्य साबणाच्या पाण्याने तेलकट मळ काढावा. मग पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने लावावे आणि पाच मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासावे. शेवटी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून भाग कोरडा करावा.

कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा वापरू नये. तो अ‍ॅल्युमिनियमलाच खातो. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण धातूत रुततात आणि गंज उलट वाढतो.

रेडिएटरच्या होजपाशी किंवा थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर नुसते घासून भागत नाही. तिथून कूलंट झिरपत असण्याची शक्यता असते. कूलंट कमी झाले की इंजिन तापते, हेड वाकते आणि खर्च हजारोंच्या घरात जातो. गाडी वेळीच मेकॅनिकला दाखवावी. आणि हो, गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.