पाणलोटाच्या धड्यात बाई कुठे आहे?

नववीच्या मुलामुलींना पाणलोट क्षेत्र विकास समजावून सांगायला गेल्या वर्षी एका दुष्काळी तालुक्यातल्या शाळेने मला बोलावले. सरांनी फळ्यावर डोंगर काढून ठेवला होता. माथ्यावर सलग समपातळी चर, उतारावर दगडी बांध, ओढ्यात बंधारा आणि पायथ्याशी काठोकाठ भरलेली विहीर. शेजारी 'परिसंस्थेच्या सेवा' अशी यादी : पाणी मुरवणे, माती धरून ठेवणे, चारा, सरपण. चित्र सुबक होते. त्यात माणूस मात्र एकही नव्हता.

मी विचारले, "ही विहीर कुणाची?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ज्याचं रान पायथ्याला, त्याची." तिच्या घरी जमीन नाही. दोन शेळ्या आहेत, आणि चर खोदल्यापासून डोंगरावर चराईबंदी आहे.

मैत्रिणींनो, माझा विरोध पाणलोटाच्या कामाला नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. ते अडवले पाहिजे, हे हंडे वाहणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली तर उघडा डोंगर पुन्हा हिरवा होतो, हेही राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. पण त्या बंदीची किंमत कोण मोजते? शेळी चरून यायची. आता बाई विळा घेऊन जाते आणि गवताचा भारा डोक्यावर आणते. सरपणाला आणखी लांब जाते. वर श्रमदान! ज्याची विहीर भरणार, त्याच्यासाठी ते श्रमदान फायद्याचे. भूमिहीन बाईची मात्र तेवढ्या दिवसांची रोजी बुडते. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला 'लोकसहभाग' शिकवला होता. 'लोक' म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे ते, हे मला गावात आल्यावर कळले.

आणि हे काम काही काल सुरू झालेले नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि माती वाहायला बाया होत्याच. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्यानंतर पाझर तलावांवर, नालाबांधांवरही पाट्या बायांच्याच डोक्यावर होत्या. आज पुस्तकात ते पाणी निसर्गाची 'सेवा' म्हणून येते. हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. रांधणे, पाणी भरणे, आजाऱ्याची उस्तवार, यालाही घरात सेवाच म्हणतात. ज्याचे दाम द्यायचे नाही त्याला सेवा म्हणायचे, ही युक्ती जुनीच.

हे बोलल्यावर सर म्हणाले, "मॅडम, हे राजकारण झालं. परीक्षेला येत नाही." पण विहिरीचा मालक न दाखवता विहीर काढणे, हे राजकारण नाही तर काय? मग मी मुलांना पुरंदर तालुक्यातल्या पाणी पंचायतीची गोष्ट सांगितली. विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमाराला नायगावला तिचे काम सुरू केले. तिथे पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर वाटले गेले, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि त्या पाण्यावर ऊस लावायला मनाई होती. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने विचारले, "माणसांत बाया मोजल्या का?" मोजल्या, मी म्हणाले, वाटा मात्र कुटुंबाच्या नावाने होता. ती काही बोलली नाही, वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशीच्या शिवारफेरीला मुलगे सगळे आले, मुली निम्म्याच. त्या दिवशी टँकर यायचा होता.

ज्या गटांचे शाळांमध्ये जाणे-येणे आहे, त्यांनी निदान दोन गोष्टींसाठी भांडावे. बंधाऱ्यावर काम केलेल्या बाईला वर्गात बोलवावे, तेही मानधन देऊन. आणि फेरी टँकरचा वार सोडून ठेवावी. नाहीतर त्या दिवशीचे पाणी मुलग्यांनी भरावे.