केवळ साक्षीदार?

सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीस २४ मे २०१९ रोजी आग लागली. वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातून सुटकेची वाट उरली नाही. कित्येक मुलांनी खाली उड्या घेतल्या. २२ जणांचा बळी गेला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, गुजरात शासनाने मृतांच्या वारसांस प्रत्येकी चार लाख रुपये जाहीर केले. येथवर सारे रीतसर झाले. परंतु अशा खटल्यात मृतांच्या आईबापांचे स्थान कोणते? खटला चालतो तो सरकार विरुद्ध आरोपी असा. ज्याचे घर उजाडले तो फार तर साक्षीदार!

गुन्हेगारीच्या शास्त्रानेही या माणसाकडे उशिरा पाहिले, आणि पाहिले तेही संशयाने. हान्स फॉन हेंटिग यांनी १९४८ साली गुन्ह्यातील पीडिताच्या वाट्याची चर्चा केली. बेंजामिन मेंडेलसोन यांनी तर त्याच्या दोषाची प्रतवारीच लावली. ती दृष्टी अद्याप लोपलेली नाही. मुलांनी उड्या का घेतल्या, असे ज्यास विचारावेसे वाटेल, त्याने वर्गास दुसरी वाट का नव्हती हे आधी विचारावे. १९८५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने मात्र पीडिताच्या दोषाऐवजी त्याचे हक्क पुढे आणले.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क त्यास मिळाला. आरोपी सापडला नाही तरी भरपाई मागण्याची सोय झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती ९० दिवसांत कळविण्याचे बंधन पोलिसांवर घातले.

कायद्यात हक्क आहेत. ते पीडिताच्या दारी पोचत नाहीत, हे खरे दुखणे होय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. पण पीडितास ती चढण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून आमची मागणी साधी आहे. फिर्यादीच्या प्रतीबरोबरच हक्कांचे टिपण द्यावे, आणि सुरतेसारख्या मराठी, ओडिया, हिंदी बोलणाऱ्या श्रमिकांच्या नगरीत ते त्यांच्या भाषेत द्यावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अर्जाची वाट न पाहता स्वतः त्या घरी जावे. निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे सुसंस्कृत राज्याचे लक्षण आम्ही मानतो. मग पीडितानेच न्यायालयाच्या आवारात एकाकी का उभे राहावे?