सहीशिवाय गेट पास नाही

‘सोडून दे ना, कुठे कोर्टकचेरी करत बसतोस’ हा आपल्या भागातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. देणाऱ्याला काही पडत नाही. घेणाऱ्याचे काय जाते ते त्याच्या घरच्यांना विचारावे. गाडीच्या बिघडलेल्या दुरुस्तीवरून शोरूमवाल्यांशी भांडण झाले की हा सल्ला चहूबाजूंनी येतो: घरातून, मशिदीच्या ओट्यावरून, नाक्यावरून. मला तो मान्य नाही, आणि का मान्य नाही ते आज जरा सविस्तर लिहितो.

शहापूर-मुरबाडमध्ये गॅरेजेस पुष्कळ आहेत. पण गाडी वॉरंटीत असेल किंवा काम मोठे असेल, तर ती कल्याण, भिवंडी नाहीतर ठाण्याला न्यावी लागते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. गाडी तिकडे सोडून एसटीने परत यायचे, दोन दिवसांनी पुन्हा एसटीने जायचे. काउंटरवरचा पोरगा बिल पुढे करतो, त्याच्याखाली आणखी एक कागद असतो. त्यावर इंग्रजीत छापलेले असते की काम माझ्या समाधानाप्रमाणे झाले, गाडी तपासून ताब्यात घेतली. गाडी तेव्हा आत यार्डात असते, तुम्ही ती पाहिलेलीसुद्धा नसते. पण सही केल्याशिवाय गेट पास मिळत नाही आणि गेट पासशिवाय वॉचमन दांडा वर करत नाही. शेवटची एसटी चुकू नये म्हणून माणूस सही करतो. दोन दिवसांनी फोन येतो, ‘सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापला जातो.’ त्या पोराची दया येऊन आपण दहा देतो. आणि पुढे भांडण झाले की ती सही आणि ते दहा मार्क तुमच्याविरुद्ध फाइलमधून बाहेर येतात.

किन्हवलीकडचा एक पिकअपवाला मला चाचा म्हणतो. ओतूरहून भाजी भरून माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला आणायची, हे त्याचे काम. गाडी त्याचीच, ड्रायव्हर तोच, हप्ताही तोच भरतो. गाडीचे कूलंट कमी होत होते म्हणून त्याने ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. रेडिएटरचा होज बदलला, बिल झाले, सही झाली. चौथ्या दिवशी पहाटे रिकामी गाडी घाट चढण्याआधीच, मोरोशीच्या पुढे, काटा लालवर गेला आणि वाफ आली. त्याने गाडी लगेच बाजूला घेतली. टोकावड्याहून मेकॅनिक आला. नव्या होजचा क्लॅम्प सैल होता, होज निम्मा निसटलेला. मेकॅनिकने शहाणपणा केला, कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घेतले. तोपर्यंत हेड गॅस्केट गेली होती.

सर्व्हिस सेंटरने ८२ हजारांचे एस्टिमेट हातात दिले. त्यांचे म्हणणे तीन तोंडांनी आले. एक, ड्रायव्हरने गरम गाडी दामटली. दोन, बाहेरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडले, त्यामुळे वॉरंटी संपली. तीन, तुम्हीच समाधानाची सही केली आहे. कंपनीच्या नंबरावर फोन केला तर उत्तर मिळाले, डीलरशी बोला. डीलर म्हणाला, पार्ट कंपनीचा आहे, कंपनीशी बोला.

हा चेंडू इकडून तिकडे जातो तो उगीच नाही. गोव्यातले एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ साली बनलेली, आधीच चाललेली टाटाची गाडी दिली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत सगळीकडे ग्राहक जिंकला. १८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला त्यातून मोकळे केले. कंपनी आणि डीलर यांचे नाते मालक-नोकराचे नाही, दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, आणि डीलरने काय केले हे कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झालेले नाही, असे कारण दिले. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण गाडी विकताना पाटीवर नाव कंपनीचे, रंग कंपनीचा, गणवेश कंपनीचा, आणि चूक झाली की डीलर परका! निर्मितीतल्या दोषासाठी कंपनीला आजही धरता येते. दुरुस्तीत झालेल्या चुकीसाठी मात्र आधी डीलरलाच धरावे लागते, हे ध्यानात ठेवून तक्रार लिहावी.

‘बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला’ या सबबीचा तर मला विशेष राग आहे. माळशेजच्या पायथ्याशी पहाटे बंद पडलेल्या गाडीजवळ टोकावड्याचा मेकॅनिक येणार नाही तर कोण येणार? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, म्हणून. त्याच आदेशात, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असेही बजावले होते. अपिले झाली, वर्षे गेली. आपल्या नाक्यावरच्या मेकॅनिकला आजही ते स्कॅनर आणि ती माहिती सहज मिळत नाही, आणि काउंटरवरचा पोरगा तीच सबब तशीच ऐकवतो. पार्ट मिळू द्यायचे नाहीत, माहिती द्यायची नाही आणि वर म्हणायचे की बाहेरच्यांना काम येत नाही.

पण खरा पेच याहून खोल आहे. ग्राहक न्यायालयात सेवेतली त्रुटी सिद्ध करायचा भार तक्रारदारावर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडियाच्या निकालात हे पुन्हा सांगितले. आता पाहा, सिद्ध करायला लागते ते सगळे कोणाच्या ताब्यात आहे? जॉब कार्ड त्यांचे. कोणत्या मेकॅनिकने काम केले ही नोंद त्यांच्याकडे. काढलेला जुना होज त्यांच्याकडे. स्कॅनरचा रिपोर्ट त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. यार्डातल्या कॅमेऱ्याचे चित्रण त्यांचे. किन्हवलीच्या पोराकडे काय, तर एक बिल आणि टोकावड्याच्या मेकॅनिकचे चार फोटो. ज्याच्याकडे सगळे पुरावे आहेत त्याने गप्प बसायचे आणि ज्याच्याकडे काही नाही त्याने सिद्ध करायचे, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. माझे म्हणणे साधे आहे. दुरुस्तीनंतर ठराविक दिवसांत त्याच जागी बिघाड झाला, तर आपले काम नीट झाले होते हे वर्कशॉपने दाखवायचे. नोंदी दाखवा, जुना पार्ट दाखवा. दाखवता आले नाही तर भरपाई द्या.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. आपल्या फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नावर पानेच्या पाने आहेत. रंगारी, सोनार, शिंपी यांच्याकडे लोक आपला माल सोपवतात. तो माल बिघडला, हरवला तर जबाबदार कोण? हजरत अलींनी कारागिरांना जबाबदार धरले, त्याशिवाय लोकांचे हित राहणार नाही असे कारण दिले, अशी नोंद मिळते. इमाम अबू हनीफा म्हणाले की कारागिराच्या हातातला माल ही अमानत आहे, त्याचा हलगर्जीपणा दिसल्याशिवाय त्याला धरू नये. त्यांचेच दोन शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश-शैबानी, त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. मोठी आग लागावी तसे टाळता न येणारे संकट नसेल, तर कारागीर जबाबदार, असे त्यांचे मत. आणि मालाची नासाडी कारागिराच्या स्वतःच्या कामामुळे झाली असेल, तर गुरू आणि हे दोन्ही शिष्य एकाच बाजूला: भरपाई त्याचीच. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कूफा-बगदादच्या बाजारात लोकांना जे कळले, ते आपल्या शोरूमच्या काउंटरवर अजून पोचायचे आहे.

आता सब्रवाल्यांकडे वळतो. मशिदीच्या ओट्यावर एका बुजुर्गांनी त्या पोराला सांगितले, ‘बेटा, सबर कर, अल्लाह दुसऱ्या मार्गाने देईल.’ त्यांच्या वयाचा मान राखून मी तिथे बोललो नाही, इथे बोलतो. सब्र म्हणजे संकटात धीर सोडू नये. फसवणाऱ्याचे काम सोपे करावे असा त्याचा अर्थ नाही. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात एक आख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. मदिनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. दुकानदाराने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. तिथे त्यांनी गिऱ्हाइकाला सब्र करायला सांगितले नाही.

दुसरा सल्ला तरुणांचा होता. रील बनवू, शोरूमच्या मालकाचे नाव घेऊ, आपला माणूस बघून लुटला असे म्हणू. मी साफ नाही म्हणालो. तिथे रांगेत उभे असलेले आगरी, कुणबी, आदिवासी गाडीवालेही तोच कागद सही करून बाहेर पडत होते. सगळ्यांच्या खिशातून सारखाच पैसा काढणाऱ्याला धर्माच्या भांडणात ओढले, तर त्याचाच फायदा होतो. क्लॅम्पची गोष्ट बाजूला राहते आणि गाव दोन गटांत भांडत बसते. तिसरा सल्ला होता, अमक्या साहेबांचा फोन लावू. फोनने एका गाडीचे काम होईलही. मग त्या फोनचे देणे निवडणुकीपर्यंत फेडत राहायचे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडच्या गाडीवाल्यांना कोणी सांगितलेल्याच नाहीत. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी ठाण्याला. कंपनीचे मुख्यालय चेन्नईत असो की गुरुग्राममध्ये. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि अर्ज केल्यास सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. आणि ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणे हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे, असे या कायद्याने व्याख्येतच लिहिले आहे. म्हणून जॉब कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट आणि जुना पार्ट लेखी मागावा. दिला तर पुरावा मिळतो, नाही दिला तर तोही एक पुरावाच.

डीलरच्या वकिलाची नोटीस ठरलेली असते: पिकअप धंद्याची आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त येत नाही, हे कायद्यातच आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच स्वतः रिक्षा आणि ट्रक चालवणाऱ्याचे दिले होते. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर ठेवणाऱ्या शेठला ही सवलत नाही, आणि ते बरोबर आहे.

गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. काटा लालवर गेल्यावरही ‘पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ’ म्हणणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत, आणि बाहेर स्वस्त पार्ट घालून शोरूमवर खापर फोडणारेही. पण ते तपासायची साधने कोणाकडे आहेत, हाच तर मुद्दा आहे. ग्राहक खोटा असेल तर एका कागदाने तो उघडा पडेल. प्रामाणिक वर्कशॉपला नोंद दाखवायची भीती का वाटावी?

पोराने १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत नेते. मग रजिस्टर्ड एडीने पत्र गेले, त्यात फोटो, आणि दोन्ही बाजूंसमोर गाडी उघडून तपासणी करावी अशी मागणी. तीन आठवडे उत्तर नाही. आयोगात तक्रार दाखल झाली आणि नोटीस पोचली, त्यानंतर आठवड्याभरात शोरूमच्या मॅनेजरचा स्वतः फोन आला. पार्टचे पैसे आणि मजुरी त्यांनी सोसली. समझोत्याच्या मसुद्यात ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे वाक्य होते. ते खोडून ‘या दुरुस्तीपुरती’ असे लिहून घेतले आणि नव्या कामाची सहा महिन्यांची हमीही कागदावर घेतली. गाडी सव्वा महिना उभी होती. त्या काळातला हप्ता आणि बुडालेली भाडी यांवर शेवटपर्यंत त्यांनी एक पैसा दिला नाही. पोराला पुढे लढायचे नव्हते, घाट चालू करायचा होता. त्याच्या जागी मी असतो तर तेवढ्यासाठी आयोगापुढे थांबलो असतो, पण हप्ता माझा नव्हता.

समाधानाच्या कागदाचे मात्र अजून काही झालेले नाही. तो रोज शेकडो माणसांकडून सही करून घेतला जातो. ग्राहक पंचायतीवाल्यांनी, ड्रायव्हर संघटनांनी आणि आपल्या जमातीच्या कमिट्यांनीही, एरवी इतक्या विषयांवर निवेदने देतात, तर एक निवेदन यावर ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे: गाडी चालवून पाहिल्याशिवाय सही मागायची नाही, आणि कागद मराठीत असावा. तोपर्यंत ज्याला जायचे आहे त्याने पेन घेऊन जावे आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे, ‘गाडी चालवून पाहिलेली नाही.’ काउंटरवरचा पोरगा कुरकुरेल, आत मॅनेजरला विचारायला जाईल. जाऊ द्यावे.