बुलडोझरच्या आधीचे ३० दिवस

आमच्या अब्बांनी १९९८ मध्ये शहराच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. शंभर रुपयांच्या बॉन्डवर लिहून, नोटरी करून. शहरात भाड्याने घर मागायला गेले की नाव ऐकून "कालच दिलं हो" असे उत्तर मिळायचे. त्यामुळे आपल्या लोकांत, मशिदीजवळ जागा मिळतेय म्हटल्यावर त्यांनी फार विचारपूस केली नाही. विकणारा एजंट आपल्यातलाच होता, पाच वक्ताचा नमाजी. "सातबाऱ्यावर नाव लागून जाईल, चाचा," म्हणाला. ते नाव आजपर्यंत लागलेले नाही.

मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागलो. पगारातून पत्रे काढून स्लॅब टाकू म्हणून महापालिकेत चौकशीला गेलो, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने नकाशा उघडला. आमच्या निम्म्या घरावरून विकास आराखड्यातला रस्ता जात होता.

मी माहितीच्या अधिकारात कागद काढले. प्रारूप आराखड्यात हा रस्ता आमची गल्ली आणि पलीकडची सोसायटी यांच्या मधून, दोन्हीकडची थोडीथोडी जागा घेत जात होता. सोसायटीतून चाळीसेक हरकती आल्या, त्यांची माणसे सुनावणीला हजर राहिली आणि रेषा आमच्या बाजूला सरकली. आमच्या गल्लीतल्या ऐंशी घरांतून आलेल्या हरकती शून्य. बराच काळ मला त्या सोसायटीचा राग होता. आता नाही. त्यांनी काही गैर केले नव्हते. ते फक्त हजर होते.

मित्रांनो, आपण बुलडोझरवर बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुणावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागेल, म्हणणे ऐकून घ्यावे लागेल आणि नियम मोडणारा अधिकारी स्वतः जबाबदार राहील. हा निकाल मोठा आहे. पण त्याच निकालात असेही आहे की रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा तलावाच्या जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. शिवाय मिळालेल्या १५ दिवसांत दाखवायला हातात कागद हवा. तो कागद १५ दिवसांत तयार होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की आपली खरी लढाई नोटिशीनंतरची नाही, आराखड्याच्या वेळची आहे.

महाराष्ट्रात शहराची जमीन कशासाठी वापरायची हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने ठरते. महापालिका किंवा नगरपरिषद विकास आराखडा करते. रहिवासी भाग कोणता, शेतीचा कोणता, कारखान्यांचा कोणता, हे त्यात रंगांनी दाखवलेले असते. लोक ज्याला यलो झोन आणि ग्रीन झोन म्हणतात ते हेच. शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान, कब्रस्तान, बाजार यांच्यासाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी शासनाची मंजुरी. हा आराखडा २० वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. म्हणजे जे मूल आज मकतबमध्ये जाते, ते नोकरीला लागेपर्यंत त्याच्या मोहल्ल्याचे काय होणार, हे त्या ३० दिवसांत बऱ्यापैकी ठरून जाते.

हरकतींनी काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई आठवावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा नवा प्रारूप आराखडा आला आणि त्यातल्या चुकांवर हजारो हरकती गेल्या. दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये लागू झाला.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. आपल्या वस्तीत शाळेसाठी जागा आरक्षित आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, त्याची जमीन कायम अडकवून ठेवता येत नाही. पण वस्तीतून कुणी पाठपुरावा केला नाही, तर नकाशावरची शाळा गुपचूप निघून जाते.

आता थोडे आपल्याबद्दल. "नियम फक्त आपल्यालाच लावतात" ही तक्रार अनेकदा खरी असते. पण ग्रीन झोनमधली जमीन तुकडे पाडून गरिबांना विकणारे एजंट आपल्यातही आहेत, आणि जुम्याला आपण त्यांच्याच शेजारी बसतो. मशिदीच्या मिनारासाठी चंदा जमतो, पण त्याच इमारतीचा नकाशा मंजूर करून घ्यायला आर्किटेक्टची फी द्यायची म्हटले की कमिटी गप्प होते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ पासून आहे, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. आपल्या किती गल्ल्यांनी अर्ज केले?

फलकांचेही तसेच. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. मुंबईत ४० फूट बाय ४० फुटांची मर्यादा असताना ते सुमारे १२० बाय १२० फुटांचे होते. चौकात ईदच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लावताना आपल्यापैकी कितीजण आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी घेतात? "बाकीचे कुठे घेतात" हे उत्तर नाही. आपण नियमाने चाललो, तरच नियमाच्या नावाने होणाऱ्या अन्यायाविरुद्ध ताठ मानेने उभे राहता येते. पातूरचेच पाहा. अकोला जिल्ह्यातल्या या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू आहे म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने सांगितले की मराठीसोबत उर्दू लिहायला कायद्यात मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. ती पाटी टिकली, कारण तिथे मराठी होती आणि कायदाही पाळलेला होता.

मग करायचे काय? प्रत्येक मोहल्ल्यात पाच मुलामुलींचा गट हवा. तुमच्या शहराचा मंजूर आराखडा मिळवा. आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना तर सोपे आहे, क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर वापरून आराखडा उपग्रहाच्या चित्रावर बसवता येतो आणि कुणाच्या घरावर काय आहे ते दिसते. तो नकाशा छापून मशिदीच्या, शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा. कुणी जागा घेत असेल तर पैसे देण्याआधी सातबारा, बिगरशेती आदेश आणि झोन दाखला पाहायला लावा. नवा आराखडा निघाला की हरकत मराठीत लिहा, सर्व्हे नंबर टाका, काय बदल हवा ते नेमके सांगा, पोच घ्या आणि सुनावणीला जा. खालांना, फुफींना घेऊन जा. पाणी भरायला लांब कोण जाते आणि मूल कुठे खेळते, हे त्यांच्याइतके कुणी सांगू शकत नाही.

आमच्या घरावरची रेषा अजून तिथेच आहे. अब्बांनी तो बॉन्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलाय. त्याची किंमत किती हे मी त्यांना अजून नीट सांगितलेले नाही. पण गेल्या महिन्यात गल्लीतल्या तेवीस घरांचे कागद आम्ही एका फाईलमध्ये लावले. पुढचा आराखडा येईल तेव्हा आमच्या हरकती शून्य नसतील.