सपाट मुलखांतील डोंगरवाट

सह्याद्रीच्या कुशींत ज्यांचें लहानपण गेलें, त्यांच्या मनांत फिरणें म्हटलें कीं चढ आणि उतार आपोआप उभे राहतात. पुण्याचा तरुण रविवारीं पहांटे सायकल बाहेर काढतो व सिंहगडाकडे अथवा कात्रजच्या घाटाकडे वळतो. वाट कोणती हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं, कारण डोंगर समोर दिसतच असतो. हाच तरुण शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं जातो, तेव्हां खिडकींतून त्यास दिसते ती क्षितिजापर्यंत पाटीसारखी पसरलेली भूमि. मग एके दिवशीं दूरध्वनीवर तो आईस सांगतो, "इथें डोंगरच नाहींत ग, सायकल भिंतीला टांगून ठेवली आहे."

ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलाचा व्यायाम, मित्रमंडळ आणि रविवारची सकाळ हीं तिन्ही सायकलीशीं जोडलेलीं होतीं, त्याची सायकल टांगली गेली म्हणजे तीं तिन्ही एकदमच तुटतात. परदेशांतील पहिला हिंवाळा ज्यांनीं काढला आहे, त्यांस या तुटण्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. म्हणून अनोळखी व सपाट मुलखांत डोंगरी सायकलीसाठीं, म्हणजे तिकडे जिला माउंटन बाइक म्हणतात तिच्यासाठीं, चांगली वाट कशी शोधावी याचा विचार या महिन्यांत करूं. उदाहरणासाठीं शिकागोच घेऊं. कारण तेथें आपलीं मुलें पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट ही कीं, एखादा मुलूख सपाट कां झाला हें कळलें म्हणजे त्याच्या सपाटीला अपवाद कोठें सांपडेल तेंहि कळतें. शिकागो शहर एका जुन्या सरोवराच्या तळावर वसलेलें आहे. हिमयुगाच्या अखेरीस, सुमारें १४००० वर्षांपूर्वीं, उत्तरेकडून आलेला बर्फाचा प्रचंड थर मागें हटूं लागला आणि वितळलेलें पाणी येथें सांचलें. त्या सरोवराची पातळी आजच्या मिशिगन सरोवराहून सुमारें ६० फूट उंच होती. सरोवराचा तळ सपाट असावा यांत नवल नाहीं. पण तें पाणी अडलें कशानें? बर्फानें आपल्यापुढें लोटीत आणलेली माती, वाळू आणि गोटे तो जेथें थबकला तेथें ढिगानें पडले, व त्यांचा मैलोगणती लांब असा एक वरंबा तयार झाला. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास व्हॅल्पराइझो मोरेन म्हणतात. सरोवर तुडुंब भरलें तेव्हां पाण्यानें हा वरंबा दोन ठिकाणीं फोडला, आणि दोन प्रवाहांच्या मध्यें एक त्रिकोणी तुकडा बेटासारखा उरला. त्याचें नांव आजहि माउंट फॉरेस्ट आयलंड असेंच आहे. ज्या दोन खिंडींतून तें पाणी वाहून गेलें, त्यांतूनच पुढें माणसांनीं कालवे नेले. एकींतून १९०० सालीं सुरू झालेला सॅनिटरी अँड शिप कॅनॉल, व दुसरींतून १९२२ सालीं पुरा झालेला कॅल-सॅग कालवा.

शहराच्या नैर्ऋत्येस असलेलें पेलोसचें रान या बेटावर व त्याच्या भोंवतालच्या उतारांवर पसरलें आहे. कुक काउंटीच्या लोकांनीं १९१४ सालीं मतदान करून रानें राखण्यासाठीं एक सार्वजनिक संस्था निर्माण केली. आज तिच्या ताब्यांत सुमारें ७०००० एकर जमीन आहे, आणि पेलोस हा तिचा एक मोठा भाग. येथें ओढ्यांनीं घळी पाडल्या आहेत, ओकच्या झाडांमधून अरुंद वाटा वळणें घेत जातात, आणि दक्षिणेकडील स्वॅलो क्लिफचा कडा सुमारें १०० फूट उंच आहे. आपल्या दृष्टीनें ती टेंकडीसुद्धां नव्हे. पण भिंतीवरची सायकल खालीं काढण्यास तेवढी पुरेशी आहे.

हाच नियम इतर सपाट प्रदेशांसहि लागूं पडतो. नकाशा घ्यावा व समोच्च रेषा जेथें एकमेकींस बिलगल्या आहेत तीं ठिकाणें हुडकावीं. सपाटी मोडणारे कारागीर मुख्यतः चार : बर्फ, नदी, वारा आणि माणसाची कुदळ. नदीचा उंच कांठ, वाऱ्यानें रचलेल्या वाळूच्या टेंकड्या, बंद पडलेल्या खाणी, यांपैकीं कांहींतरी बहुतेक ठिकाणीं असतेंच. फ्लॉरिडा राज्याचें सर्वोच्च स्थान अवघें ३४५ फूट उंच आहे. तरीहि तेथील टॅम्पा शहराजवळ अलाफाया नदीच्या उद्यानांत डोंगरी सायकलीच्या नामांकित वाटा आहेत. तेथें पूर्वी फॉस्फेटची खाण होती, आणि खाणींतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांनींच त्या वाटांना चढउतार दिले.

नवख्या माणसास प्रथम सांपडतात त्या बहुधा निराळ्याच वाटा. शिकागोच्या पश्चिमेस इलिनॉय प्रेअरी पाथ नांवाचा बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेचा मार्ग आहे. १९६३ सालीं मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गाभ्यासक बाईंनीं वृत्तपत्रास एक पत्र लिहून, हा मार्ग पायीं फिरणारांस व सायकलस्वारांस मोकळा करावा असें सुचविलें, आणि त्या एका पत्रांतून पुढें सारें कार्य उभें राहिलें. मार्ग रम्य आहे, कुटुंबासह जाण्याजोगा आहे. पण रेल्वेचा मार्ग मुळांतच चढ टाळून आंखलेला असतो. ज्यास घाटाची ओढ आहे त्यानें तेथें जाऊन निराश होऊं नये. त्याची वाट वेगळी आहे इतकेंच समजावें.

ती वाट नकाशापेक्षां माणसें अधिक चांगली दाखवितात. सायकलच्या दुकानांत जाऊन "इथें डोंगर कुठें आहे?" असें विचारल्यास दुकानदार हंसेल. त्याऐवजीं, "काम आटोपल्यावर संध्याकाळीं तुम्हीं स्वतः कुठें जातां?" असें विचारावें. ट्रेलफोर्क्ससारखीं साधनें आतां हाताशीं आहेत, व वाट आज खुली आहे कीं बंद हें त्यांवर पुष्कळदां कळतें. परंतु स्वारांच्या नोंदींवरून केलेल्या नकाशांत जी वाट ठळक दिसते ती परवानगीचीच असते असें नाहीं. पेलोसमध्यें अनधिकृत पायवाटांवर सायकल चालविण्यास मनाई आहे. खुणा लावलेल्या वाटाच धराव्या.

आतां प्रत्यक्ष चालविण्याविषयीं. घाटांत एकच मोठा चढ असतो, आणि नंतर उतारावर विसांवा मिळतो. वरंब्याच्या रानांत तीस फुटांचा चढ चाळीस वेळां येतो. बेरीज १२०० फुटांची होते, पण मध्यें विश्रांति अशी नाहींच. पाय अखंड फिरत राहतात. येथें कस लागतो तो वळणांचा : वेग न गमावतां दोन झाडांमधून निघणें, मुळांवरून चाक हलकें उचलणें, चढ येण्याच्या आधींच गिअर बदलणें. सिंहगड चढणारासहि पहिल्या दिवशीं येथें दम लागतो. त्यानें लाजूं नये.

या मातींत चिकणमातीचा अंश बराच आहे, आणि मार्च-एप्रिलमध्यें गोठलेली जमीन सुटूं लागली कीं तिचा नुसता चिखल होतो. अशा वेळीं वाट बंद ठेवितात. एका स्वाराच्या चाकाची चाकोरी उन्हानें वाळली म्हणजे ती पुढें सर्वांना आडवी येते, आणि तींतून पाणी वाहूं लागलें कीं वाटच धुपून जाते. चाकाचा ठसा मागें उमटून राहतो असें दिसतांच परतावें. याच वाटांची देखभाल शिकागो एरिया माउंटन बाइकर्स या संस्थेचे स्वयंसेवक करितात. पाणी काढून देणें, पडलेलीं झाडें हटविणें, वळणांस भर घालणें हीं कामें तेथें विनावेतन चालतात. नवख्या तरुणास आमची आग्रहाची सूचना आहे कीं, त्यानें दोन-चार वेळां स्वारी केली कीं एक दिवस फावडें हातीं घ्यावें. ज्या लोकांबरोबर त्यानें माती उपसली तेच पुढें त्यास सांगाती म्हणून बोलावितात, आणि अनोळखी रानांत एकट्यानें जाण्याची पाळी मग सहसा येत नाहीं.

आईबापांच्या काळजीच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. तिकडील रानांत हरणांच्या अंगावरची बारीक गोचीड असते व तिच्यापासून लाइम नांवाचा रोग होऊं शकतो. रोगजंतु शरीरांत जाण्यास गोचीड बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ चिकटून राहावी लागते. म्हणून परत आल्यावर त्याच संध्याकाळीं सर्वांग, विशेषतः गुडघ्यांच्या मागें व कांखेंत, तपासावें. गोचीड सांपडल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि पुढें लाल, पसरत जाणारा चट्टा दिसल्यास अथवा ताप आल्यास डॉक्टरांकडे जावें. दुसरी गोष्ट अशी कीं, हिंवाळ्यांत दिवस साडेचारच्या सुमारास मावळतो व सूर्यास्ताबरोबर हीं रानें बंद होतात. निघण्याची वेळ त्या मानानें धरावी आणि कोठें जातों हें कोणास तरी कळवून निघावें.

पेलोस अंगवळणीं पडलें म्हणजे एखाद्या सुटीच्या दिवशीं उत्तरेकडे विस्कॉन्सिन राज्यांतील केटल मोरेनच्या रानांत जावें. तेथें बर्फाच्या दोन जिभा एकमेकींस भिडल्या होत्या. मातींत गाडले गेलेले बर्फाचे मोठाले तुकडे सावकाश वितळले, वरची माती खचली, आणि द्रोणासारखे खळगे झाले. त्यांवरूनच तें नांव पडलें. निसर्गप्रेमी जॉन मूर यांच्या नांवाच्या तेथील वाटा लाल, पांढऱ्या, नारिंगी, हिरव्या व निळ्या खुणांनीं दाखविलेल्या आहेत, आणि सोळा वर्षांवरील सायकलस्वारास परवाना काढावा लागतो. लहान फेरीपासून आरंभ करून मोठीकडे जावें.

घरच्या मंडळींनींहि एक करावें. मुलाशीं बोलतांना पगाराची आणि जेवणाची चौकशी होतेच. तींत या रविवारीं कोठें गेला होतास, वाट कशी होती, बरोबर कोण होतें, हे तीन प्रश्न घालावे. उत्तर आलें नाहीं तर हा लेख त्यास पाठवून द्यावा.